चेंबर गळतंय, पण नक्की कुठून?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी ऑइल गळतीचीच निघाली. नवल नाही, पाऊस ओसरला की नाशिकमधे हे ठरलेलंच असतं, चार महिने खड्ड्यात पाणी आणि पाण्याखाली दगड, त्यात सिंहस्थाच्या कामांची खोदाई, रस्त्यावरचं चेंबर वर आलेलं आणि गाडीचं चेंबर खाली असलेलं, मग दोघांची गाठ पडणारच. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात तेच पुस्तकातलं ऑइल पॅन, इंजिनाच्या पोटाखालचं ते भांडं, सगळं तेल खाली येऊन त्यात जमतं आणि तिथूनच पंप ते ओढून परत वर पाठवतो.

प्रश्न : नमस्कार काका. माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एक लाख दहा हजार झालेत. दोन महिन्यांपासून पार्किंगमधे काळे डाग पडतायत, नवीन फरशी बसवल्यामुळे सेक्रेटरींनी दोनदा टोकलंय. गॅरेजवाला खाली वाकून बघून म्हणाला चेंबरचं पॅकिंग गेलं, साडेचार हजार होतील. मला पाने धरता येतात, बाइकचं ऑइल मीच बदलतो. हे घरी जमेल का? — एक वाचक, सिडको

जमेल. पण आधी मला सांगा, त्यांनी गाडी खालून धुतली होती का? वाकून बघितलं आणि निकाल दिला असं तुम्हीच लिहिलंय, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे. चेंबर सगळ्यात खाली असतं, त्यामुळे तेल वरून कुठूनही निघालं तरी ओघळत येऊन शेवटी चेंबरच्या काठावरच थेंब धरतं, त्यात गाडी पळताना समोरचा वारा ते मागे ढकलतो, म्हणजे टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) पाझरलेलं तेल ब्लॉकवरून उतरून चेंबरच्या मागच्या कोपऱ्याला लटकतं आणि आळ बिचाऱ्या चेंबरवर येतो. चेंबर काढून, सिलिकॉन लावून, पैसे देऊन घरी आल्यावर चौथ्या दिवशी परत डाग, असे लोक मी इतके बघितलेत की मोजणं सोडून दिलंय.

तर एक रविवार तपासालाच द्या. इंजिन थंड असताना खालून डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, पाण्याने धुवा (अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांना प्लास्टिकची पिशवी बांधा, पाण्याचा फवारा थेट तिथे नको) आणि पूर्ण वाळू द्या. मग पाऊण तास गाडी फिरवून आणा, गंगापूर धरणापर्यंत जाऊन या म्हणजे घरच्यांनाही बरं वाटेल, आणि आल्यावर गाडीखाली जुने पेपर पसरून ठेवा. सकाळी टॉर्च घेऊन वरून खाली बघत या, खालून वर नाही. आधी टॅपेट कव्हरची कड, मग ऑइल प्रेशरचा स्विच, त्याच्यामधूनही तेल पाझरतं आणि तो एवढासा असल्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही, मग ऑइल फिल्टर जिथे बसलाय तिथे, पुढे पुलीमागचं क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं) सील, मागे गिअरबॉक्स जिथे जोडलाय ती फट, आणि सगळ्यात शेवटी चेंबरची कड आणि तेल काढायचा ड्रेन बोल्ट. सगळ्यात वरची ओली जागा हाच चोर. तिथे नीट दिसत नसेल तर कोरड्या कडेवर थोडी टाल्कम पावडर फुंकून गाडी परत चालवा, पावडरीवर तेलाची रेघ लगेच उमटते.

पेपरवरचा डागही वाचायला शिका. काळपट तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल, उग्र वास येत असेल तर गिअर ऑइल, हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट, आणि नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं आहे, त्यासाठी मला पत्र लिहू नका. डाग गिअरबॉक्सच्या जोडाखाली पडत असेल तर मात्र मन घट्ट करा, ते क्रँकचं मागचं सील असू शकतं आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते घरचं काम नाही.

आता समजा खरंच चेंबरच निघालं. तर आधी कडेचे बोल्ट सैल झालेत का बघा, पण बघा म्हटलं की लोक आवळायलाच बसतात, इथे सांभाळा. हे सहा मिलिमीटरचे बारीक बोल्ट असतात, १० नंबरचा पाना लागतो, आणि त्यांना १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. पत्र्याचं चेंबर असेल तर जास्त आवळल्याने बोल्टच्या भोवतीचा पत्रा आत दबतो आणि दोन बोल्टांच्या मधे फट उघडते, म्हणजे जितकं आवळाल तितकं जास्त गळेल, आणि मग माणूस अजून आवळतो. हलका हात फिरवून थांबलं तर उत्तम. नाही थांबलं तर उतरवायचं.

उतरवायच्या आधी दोन गोष्टी. तुमच्या गाडीत सायलेन्सरचा पुढचा पाइप किंवा खालचा क्रॉस मेंबर (गाडीचा आडवा दांडा) चेंबरच्या आड येतोय का बघा, येत असेल तर सरळ गॅरेजला द्या, कारण मग अर्धी गाडी उकलावी लागते. आणि दुसरी, ती मी दरवेळी लिहितो आणि दरवेळी लिहीनच, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. विटा पण नाही, वीट एकदम फुटते, आधी सांगत नाही. दोन चांगल्या घोड्या (गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) आणा, सपाट काँक्रीटवर लावा, गाडी गिअरमधे ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, आणि आत शिरायच्या आधी गाडीला बाहेरून धक्का देऊन बघा.

इंजिन कोमट असताना तेल काढा, कडकडीत गरम असताना नाही, कोपरापर्यंत भाजतं. घमेलं पसरट घ्या कारण ड्रेन बोल्ट निघाला की धार आधी लांब पडते आणि मग जवळ येते. तेल पूर्ण निथळलं की कडेचे बोल्ट काढा, शेवटी दोन कोपऱ्यातले नुसते ढिले ठेवा म्हणजे चेंबर तोंडावर पडणार नाही. बोल्ट कमीजास्त लांबीचे असू शकतात म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून, भोकं पाडून त्यात्या जागी खोचून ठेवा, ही युक्ती मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवली आणि आजपर्यंत कधी फसली नाही. सिलिकॉनवर बसवलेलं चेंबर सहजी सुटत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकू नका, ॲल्युमिनियमला एक ओरखडा पडला की तीच पुढची गळती. रंगारी लांबी भरायला वापरतात ती पातळ पट्टी सांध्यात लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत न्या.

आणि मग जे काम कंटाळवाणं वाटतं तेच खरं काम. जुनं सिलिकॉन दोन्ही बाजूंनी खरडून काढायचं, चेंबरचंही आणि वर इंजिनाचंही, आणि मग ब्रेक क्लीनर किंवा थिनरने पुसायचं, नखाने घासून किरकिर आवाज येईपर्यंत. वरून इंजिनातून तेल थेंबथेंब येतच राहतं, तर तासभर चहा प्या, घाई नको, कारण तेलकट जागेवर सिलिकॉन धरतच नाही. पत्र्याचं चेंबर असेल तर बोल्टच्या भोकाभोवती दबलेला काठ लाकडी फळीवर ठेवून हातोडीने सपाट करा. तेवढ्यात आतली जाळी बघून घ्या, पंप तिच्यातूनच तेल ओढतो, काळा चिकट गाळ असेल तर साफ करा, आणि चेंबरच्या तळाशी चमकणारा चुरा दिसला तर काम तिथेच थांबवून मिस्त्रीला दाखवा, मग प्रश्न गळतीचा राहिलेला नाही.

पॅकिंगबद्दल एक गैरसमज आहे. जुन्या फियाट-ॲम्बॅसेडरच्या जमान्यात कॉर्कचं पॅकिंग असायचं म्हणून सगळे अजून पॅकिंगच म्हणतात, पण आताच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच नुसतं सिलिकॉन लावलेलं असतं. तुमच्या गाडीला पॅकिंग असेल तर नवीन पॅकिंग कोरडं बसवा, वरून सिलिकॉन थापायची गरज नसते. सिलिकॉनवालं असेल तर इंजिनासाठीचं, तेल सोसणारं आरटीव्ही सिलिकॉन घ्या, बाथरूमच्या फटी भरायचं नाही (हसू नका, मी बघितलंय). साधारण तीन मिलिमीटर जाडीची सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, कुठेही न तोडता, आणि पाचेक मिनिटांत चेंबर वर चढवायचं. जास्त फासलं तर मजबूत होतं असं नसतं, उलट आतल्या बाजूला दबून आलेला गोळा सुटतो आणि नेमका त्या जाळीत जाऊन बसतो. बोल्ट मधल्यापासून सुरू करून आडवे-उभे, दोन फेऱ्यांमधे आवळा. ड्रेन बोल्टला नवीन वायसर (वॉशर). मग रात्रभर हात लावायचा नाही, ट्यूबवर जो वेळ लिहिलाय तो पाळा, बहुतेकांवर पूर्ण पक्कं व्हायला २४ तास असतात. दुसऱ्या दिवशी नवीन फिल्टर, नवीन तेल, पाच मिनिटं इंजिन चालू, बंद करून पाच मिनिटांनी तेल मोजायची पट्टी (डिपस्टिक) बघा, आणि गाडीखाली परत पेपर.

सेक्रेटरींना तोपर्यंत पुठ्ठा अंथरून देतो म्हणा.

प्रश्न : सर्व्हिसिंग झाल्यापासून ऑइलच्या बोल्टमधून थेंब पडतोय. दोनदा नेऊन दाखवली, दोन्ही वेळा त्यांनी अजून टाइट करून दिलं. आता म्हणतात आटे गेलेत, पूर्ण चेंबर बदला. — एक वाचक ताई, गंगापूर रोड

ताई, पहिल्यांदा थेंब पडला तेव्हा ते काम वीस-तीस रुपयांच्या वायसरचं होतं. ड्रेन बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जो वायसर असतो तो दबूनच सील करतो, एकदा दबला की दुसऱ्यांदा तसा दबत नाही, म्हणून दर ऑइल बदलाला नवीन टाकायचा असतो. तो न टाकता बोल्टच पिळत बसलं की ॲल्युमिनियमचे आटे मऊ असल्यामुळे बोल्टाबरोबरच निघून येतात. यात मला दुसऱ्याला बोलायचा अधिकार कमी आहे म्हणा, माझ्या पहिल्या गाडीला मीच पान्याला पाइप लावून जोर काढला होता आणि चेंबरचे आटे जिलबीसारखे वळून बाहेर आले होते.

पण पूर्ण चेंबर बदलायची घाई करू नका. आटे परत पाडता येतात. भोक किंचित मोठं करून, नवीन आटे पाडून त्यात स्टीलची आट्यांची स्प्रिंग बसवतात, हेलिकॉइल म्हणतात तिला, नीट बसवली तर मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ होते. सातपूर-अंबडला असं काम करणारे टर्नर पैशाला पासरी आहेत. फक्त एक अट घाला, चेंबर खाली काढून करायचं किंवा आतला चुरा पूर्ण धुवून काढायचा, कारण आटे पाडायचा टॅप फिरवताना पडलेले कण आत राहिले तर त्यांचा शेवट बेअरिंगमधे. एक साइझ मोठा बोल्ट ठोकून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, तो वाकडा आटे पाडत जातो आणि चेंबरला तडा जायची भीती असते. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला वायसर समोर उभं राहून बदलून घ्या. लाजायचं काय त्यात.

प्रश्न : पेठकडून येताना दगड लागला, जोरात आवाज आला. पुढे दहाएक किलोमीटरवर डॅशबोर्डवरची लाल किटली (ऑइलचा दिवा) पेटली, तशीच हळूहळू म्हसरूळपर्यंत आणली. चेंबरला तडा आहे. मित्र म्हणतो मळून लावायची एपॉक्सी लाव. इन्शुरन्स मिळेल का? — एक वाचक, म्हसरूळ

ती लाल किटली म्हणजे तेल कमी झाल्याची आठवण नव्हे, तेलाचं प्रेशर गेलं अशी आरोळी असते ती, आणि ती पेटली की इंजिन बंद, हळूहळू वगैरे काही नाही. तेलाची फिल्म गेली की क्रँकचे बेअरिंग काही मिनिटांत खरवडतात. आवाज आला तेव्हाच उतरून खाली बघितलं असतं तर फक्त टोइंग आणि चेंबर एवढाच खर्च आला असता.

इन्शुरन्सचं खरं सांगतो, आवडणार नाही. दगड लागून चेंबर फुटलं हे अपघाती नुकसान, ते साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बसतं, त्यातून तुमचा वाटा म्हणजे १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० आणि शिवाय घसारा वजा होतो. पण तेल गेल्यावर गाडी चालवली म्हणून इंजिन गेलं असेल तर ते परिणामी नुकसान धरतात आणि साध्या पॉलिसीत ते देत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलेलं असावं लागतं, आणि त्याच्याही अटी वाचाव्या लागतात. म्हणून आता पहिलं काम, गाडी अजिबात चालू करू नका, तेल ओतून बघतो असंही नको. कंपनीला कळवा, फोटो काढा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका.

एपॉक्सीचं म्हणाल तर ती गरम, तेलकट, सतत थरथरणाऱ्या जागेवर टिकत नाही. अडनिड्या ठिकाणी अडकलात, मोबाइलला रेंज नाही, तर तेल काढून, तडा थिनरने धुवून, लावून वाळवून जवळच्या गॅरेजपर्यंत या, तेवढीच तिची लायकी. पक्कं काम म्हणजे चेंबर बदलणं, नाहीतर उतरवून, आतून-बाहेरून धुवून आर्गॉन वेल्डिंग. गाडीला लावलेल्या चेंबरवर वेल्डिंग कधीही नाही, आत तेलाची वाफ असते. वेल्डिंगनंतर कड वाकली नाही ना ते जाड काचेवर ठेवून बघून घ्या. आणि चेंबर उघडलंच आहे तर मिस्त्रीला बेअरिंगची एक कॅप उतरवून बघायला सांगा.

प्रश्न : काका, गळती बंद करायचं लिक्विड मिळतं ते टाकू का? नाहीतर जाड ऑइल? कॉलेजला जातो, बजेट नाही. — पंचवटी

अरे, ते लिक्विड रबराचं सील थोडं फुगवतं, म्हणून म्हातारं झालेलं सील काही दिवस धरतं. सिलिकॉनचा सांधा, पत्र्याचा तडा, गेलेले आटे, यांना ते काय फुगवणार? आणि ५डब्ल्यू-३० वाल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलंस तर सकाळी चालू करताना तेल वर पोचायला वेळ लागेल, एवरेज पण पडेल, आणि गळती फक्त सावकाश होईल. तुझ्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दर आठवड्याला पट्टी बघणं. बऱ्याच छोट्या गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमधे साधारण लिटरभर तेलाचं अंतर असतं, खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नकोस आणि वरच्या खुणेच्या वर भरूही नकोस. दोन महिने असं काढ, पैसे साठव, मग नीट काम कर. एकच गोष्ट, थेंब सायलेन्सरच्या पाइपवर पडत असतील आणि जळका वास, धूर येत असेल तर वाट बघायची नाही.

प्रश्न : माझ्या डिझेल एसयूव्हीचं उलटंच आहे, पट्टीवर ऑइल वाढतंय! — कॉलेज रोड

बीएस-६ डिझेल असणार आणि घर ते ऑफिस चार किलोमीटर. धुराची जाळी म्हणजे डीपीएफ साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, ते काम पूर्ण व्हायच्या आत तुम्ही गाडी बंद करता आणि ते डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. वास घेऊन बघा, डिझेलचा येईल. तेल बदला आणि आठवड्यातून एकदा तरी हायवेला अर्धा तास गाडी मोकळी सोडा. यात गळती काही नाही पण पातळ झालेलं तेल गळतीइतकंच वाईट.

प्रश्न : काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकायचं? शेजारचे गटारात ओततात. — नाशिकरोड

शेजाऱ्यांना सांगा की ते गटार शेवटी गोदावरीलाच जातं. वापरलेलं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. तेलाच्याच रिकाम्या कॅनमधे भरून, झाकण लावून, जिथे ऑइल बदलून देतात अशा मोठ्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ड्रम असतो आणि तो रीसायकलवाले उचलतात. कूलंट, पेट्रोल त्यात मिसळू नका, मग कोणी घेत नाही. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, कुंपणाच्या खांबांना फासतात, ते पण नको, पावसाने ते जमिनीतच जातं. आणि हातमोजे घाला, काळं तेल कातडीला रोज लागू देणं बरं नाही, जुने मिस्त्री त्याच तेलाने हात धुवायचे म्हणून आपणही धुवायचे असं नसतं.

प्रश्न : मागे तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं काका, चेंबर काढलं, घासलं, सिलिकॉन लावलं, २४ तास ठेवलं. महिनाभर कोरडं होतं. आता चेंबरही गळतंय आणि टॅपेट कव्हरही ओलं झालंय, डिपस्टिकच्या नळीशी पण तेल दिसतंय. माझं काय चुकलं? — सातपूर, मायको सर्कलजवळ

तुमचं काही चुकलं नाही, चुकलं असेल तर माझंच, माझं त्या वेळी ब्रीदरबद्दल (इंजिनातला गॅस बाहेर नेणारा पाइप) लिहायचं राहून गेलं. एकाच वेळी तीन ठिकाणांहून तेल यायला लागलं की सील बघायचं नसतं, आतला दाब बघायचा असतो. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमधे उतरतो, तो पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा गॅस सोडणारी छोटी झडप) आणि ब्रीदरच्या पाइपमधून परत इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिकडे, ओढला जातो. हा रस्ता काळ्या चिकट गाळाने बुजला की गॅसला बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि मग तो जिथे कमजोर सांधा मिळेल तिथून तेल ढकलतो, कितीही छान सिलिकॉन लावा.

तपासायला सोपं आहे. इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण ढिलं करून तसंच वर ठेवा. ते भसाभस उडायला लागलं, धूर फुसफुसत आला तर दाब आहे. मग व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, बऱ्याच गाड्यांचा आतून खुळखुळतो, गच्च असेल तर बदला, महाग पार्ट नाही. पाइप काढून कार्ब क्लीनरने धुवा, रबर कडक होऊन चिरलं असेल तर तोही नवीन टाका. एवढं करूनही दाब तसाच राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात का ते बघायला कॉम्प्रेशन मोजून घ्यावं लागेल, पण आधी तिकडे जाऊ नका. पाइप उघडलात की आतून कसा निघाला ते कळवा, फोटो पाठवलात तरी चालेल, फक्त हात पुसून मग मोबाइल घ्या.